आठ आणे इंटरनेट

दौंडच्या दुकानदाराने मला पहिला धक्का काउंटरवरच दिला. तुमच्याकडचा सगळ्यात जास्त अँटेनाच्या काड्यांचा राउटर द्या, असं मी ऐटीत सांगितलं, तर त्याने राउटर दाखवलाच नाही. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवून म्हणाला, आधी घर काढा.

यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणं हा माझा धंदा, पण स्वतःचं घर मी कधी कागदावर काढलं नव्हतं. कासुर्डीच्या अलीकडे आमची वस्ती. पुढची खोली दगडी, मागचं बांधकाम स्लॅबचं, वर एक खोली आणि तिथे माझं टेबल. दुकानदाराने दगडी भिंतीवर बोट ठेवलं. राउटर हिच्या अलीकडे आणि तुम्ही पलीकडे, मग दहा काड्यांचा घेतलात तरी तुमच्यापर्यंत काय पोचणार? त्याचा हिशेब सरळ होता. जागचं हलत नाही त्याला वायर, हातात फिरतं त्याला वायफाय. टेबलावरच्या कॉम्प्युटरला थेट केबल ओढा, तीही अस्सल तांब्याची. वरच्या मोबाइलसाठी वायफायचा एक छोटा डबा लावा, पण त्यालाही खालून केबलच द्या. आणि लाइन वाटायला खाली पाच खाचांचा डबा, त्याला म्हणायचं स्विच. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, हे त्याने दोनदा बजावलं. मी तीन महिने राउटरची परीक्षणं वाचत बसलो होतो आणि भिंत काही माझ्या डोक्यात आली नव्हती. स्वतःच्या अकलेचं मला नवल वाटलं.

घाईला कारण होतं. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली ती एका अटीवर. ग्राहकांच्या मीटिंगमधून तीनदा गायब झालो की परवानगी रद्द. दोनदा झालो होतो. बायको इथल्याच झेडपीच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतरची सहा वर्षं मी पुण्यात खोली करून राहिलो आणि ती इथे. पोरगी मला शनिवारचा पाहुणा समजायची. ते दिवस मला पुन्हा नको होते.

रविवारी मी भिंतीला ड्रिल मारून केबल ओढली. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेजारी खुर्ची टाकून बसले होते. सगळ्या रानात ठिबक त्यांनी स्वतः अंथरलेलं, त्यामुळे नळ्या, जोड, फाटे यांत त्यांना रस. ह्या डब्यात काय व्हतं, असं त्यांनी विचारलं. मी घाईत होतो. पाण्यासारखंच आहे, सगळ्यांनी एकदम उघडलं की धार बारीक होते, असं ठोकून दिलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, बापाला काय झकास समजावलं.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मीटिंगमध्ये माझा चेहरा कधी थिजला नाही. मी तर बायकोला म्हणालोही, सुटलो एकदाचे.

मग गुरुवार आला. सकाळी साडेनऊची मीटिंग, समोर ग्राहक, आणि मी माप समजावून सांगत असताना पडदा जागच्या जागी थांबला. वीज होती. डोक्यावर पंखा फिरत होता. मी जिना उतरून धावत खाली आलो, तर आप्पा स्विचपाशी उभे. माझी केबल काढलेली, त्यांच्या हातात.

“आप्पा, हे काय केलं?”

“आजपासनं चार दिवस त्यांची पाळी हाय,” आप्पा शांतपणे म्हणाले.

त्यांची म्हणजे चुलत्यांची. अंगणापलीकडे त्यांचं घर. वाटणीपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण विहीर दोघांत आठ आठ आणे. चार दिवस आमचं पाणी, चार दिवस त्यांचं. पंपाची थ्री-फेज लाइट दहाला येते, तेव्हा पाळी बदलते. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी आठवण करून देत नाही. ज्याची संपली तो आपला कॉक बंद करतो. आप्पांनी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या पाळीत चूळभर पाणी घेतलं नाही.

आता इंटरनेटची लाइन आमच्या घरी आली ती चुलत्यांच्या बांधावर रोवलेल्या खांबावरून. म्हणजे त्यात आठ आणे त्यांचे, हे आप्पांनी मनाशी ठरवून टाकलं. उरलेली केबल त्यांनी आदल्या दिवशी, मी वर कामात असताना, वायरमनकडून चुलत्यांच्या घरापर्यंत नेली, कारण त्यांची सून ऑनलाइन नर्सिंग शिकत होती. आणि पहिल्या पाळीला, ठीक दहाला, आमचा कॉक बंद केला. मी सुन्न झालो.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला. वीज गेली तर ते धरत नाहीत, म्हणून भल्या माणसाने स्वतःच विचारलं, “लाइट गेली होती का?” मी हो म्हणणार, तोच आप्पा पुढे झाले.

“लाइट हाय की साहेब. वायर म्या काढली.”

मग साहेब म्हणाले, हे तिसऱ्यांदा झालं, सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसला या. मी आप्पांकडे बघतच राहिलो. ह्या माणसाने आपलं काय केलं, हे त्याला कळलंय तरी का?

मी त्यांच्या हातातली केबल घेतली आणि माझ्या खाचेत लावली. चुलत्यांची काढली नाही. स्विचवरचे दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. वर माझा कॉम्प्युटर चालू झाला आणि अंगणापलीकडून सुनेच्या क्लासमधल्या बाईंचा शिकवण्याचा आवाज येत राहिला. आप्पांनी तो कान देऊन ऐकला. स्विचजवळ वाकून दोन्ही दिव्यांकडे पाहिलं.

“दोघांचं एकदम चालतं?”

“चालतं.”

“कुनाचं कमी न व्हता?”

“तेवढ्याने न्हाई व्हत कमी.” पाण्याची गोष्ट त्यांना मीच सांगितली होती.

आप्पा खुर्चीत बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. म्हणाले, “म्हंजी पोरीला सोडून तू पुन्यात ऱ्हानार, ते माझ्यामुळं.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

“व्हय आप्पा,” मी म्हणालो.