पाय भुईला न लावता

पौषाची थंडी अजून खाडीवरून उठली नव्हती. धुकं मिठागराच्या बांधांना धरून पडलं होतं आणि हिरामण गार चिखल तुडवून घरी येत होता. मीठ पिकायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा करावा लागतो. ते काम उन्हं वर यायच्या आत उरकलेलं बरं. पाय धुवायला तो घरात गेलाच नाही. तसाच मागच्या परड्यात गेला, चिंचेखालच्या ट्रकाचा दरवाजा उघडला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या तांबड्या कोंबडीला म्हणाला, "उठ गो बाय. आता माजा नंबर."

ओट्यावरून पुतळी, त्याची बायको, ओरडली, "आवं, तिला उठवू नका! ती तरी अंडा देते. तुमची गारी काय देते?"

"गारी तुला म्हायेराला नेल."

"नेल नेल! पयल्यांदा आनली तवा काय झाला, आठवतंय ना?"

आठवत होतं. न आठवून सांगतो कुणाला? सगळ्या पेणच्या खारेपाटाला ते पाठ होतं.

ट्रक होता दुसऱ्या लढाईतला. लढाई संपली, मिलिटरीनं गाड्या डिस्पोजलला काढल्या, आणि पेणच्या एका मीठवाल्यानं त्यातली ही एक आणली. नाकाची पाटी कधीच गळून पडलेली, त्यामुळे गाडी कुठल्या कंपनीची हे हिरामणला विचारलं तर तो म्हणे, "आमच्या कंपनीची." हिरामण तिच्यावर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. पेणचं मीठ रोह्याला न्यायचं, येताना भाताची पोती. रोह्याच्या अलीकडे एका विहिरीवर गाडीला पाणी पाजायला तो थांबायचा. रेडिएटर भरलेला असला तरी थांबायचा. विहिरीवर पाणी ओढणारी पोर एकदा म्हणाली, "तुमच्या गारीला लईच तान लागते!" ती पुतळी.

वरात याच ट्रकातून निघाली. रोहा आणि नागोठणं यांच्यामधल्या खिंडीत चढावर इंजिनानं मान टाकली. वऱ्हाडी उतरले, मग मुंडावळ्यांसकट नवरीही उतरली आणि सगळ्यांनी मिळून गाडी माथ्यापर्यंत ढकलली. पुतळीचा भाऊ गुणाजी सोबत होता. त्या दिवसापासून दर भाऊबीजेला रोह्यात ताट वाढलं की तो पाहुण्यांना सांगायचा, "आमचं पावनं लय मोठं ड्रायवर! नवरा स्टेरिंग धरतो, नवरी गारी ढकलते."

हिरामण हसून घास गिळायचा. तीसपस्तीस वर्षं गिळला. पुढे मीठवाल्यानं नव्या गाड्या घेतल्या, ही "घेऊन जा" म्हणाला, आणि ती चिंचेखाली येऊन उभी राहिली.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली रोह्यात ठरलं, सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं. भाऊबीजेच्या ताटावर गुणाजी म्हणाला, "पावनं, तुमी पन आना की. दोरीनं वढत आनलीत तरी चालंल. ढकलायला आमची पोर हायच."

त्या दिवशी घास गिळला गेला नाही. हिरामणनं हात ताटातच ठेवला. "तुजी भैन माज्या दारात गारीत बसंल, ती तुज्या दारात उतरंल. मदी पाय भुईला लावनार नाय."

"आन लावला तर?"

"तर गारी मोडीत घालीन. आन तुजी ती गोष्ट मीच सांगीन, दर सालाला."

घरी येताना एस. टी.त पुतळी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला इचारलंव तरी का, माजा पाय कुटं लावायचा त्यो?" पण ती हसत होती.

खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं उभा राहिलेला ट्रक गंजून भुगा व्हायला हवा होता. झाला नव्हता. होडीला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात तसं हिरामण दर दसऱ्याला ट्रकाला चोपडत आला होता. लोखंडानं ते पिऊन पिऊन अंगात मुरवलं होतं. पेट्रोलची टाकी मात्र आतून खारटली होती. ती उतरवून त्यानं गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळली. पाठीमागच्या फळ्या होडीच्या सुतारानं घातल्या, टायर नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या भाच्यानं कुठून कुठून जमवले. कोंबडीनं रोज सीटवर हक्क सांगितला.

रंगाला पेणचा दत्तात्रेय आला. गणपतीच्या कारखान्यातला रंगारी, माघी गणपतींची घाई सोडून आलेला. हिरव्यात काळा, त्यात जरा पिवळा असं घोटत त्यानं मिलिटरीचा मातकट रंग जमवला. हिरामणनं पुढचे दिवे बसवायला घेतले तर हातच धरला.

"थांब! डोळे शेवटी."

"आरं, दिवं हायेत ते."

"डोळेच. मूर्तीचे आम्ही शेवटी आखतो, ते उगीच नाही. आधी लावलेस तर ती बघत बसेल आणि मला लाज वाटेल."

डोळे शेवटी लागले. दत्तात्रेयचा हात सवयीनं वळला आणि दिव्यांच्या कडेला बारीक सोनेरी रेघ उमटली. पुतळी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लढाई संपली तिची."

सव्वीस तारखेला उजाडता उजाडता पुतळी नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी राहिली. हिरामणनं ट्रक ओट्याला लावला, ती ओट्यावरूनच पाय टाकून आत गेली. कोंबडी खाली फडफडत राहिली. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, टपऱ्यांवरचे लोक कप हातात धरून बघत राहिले. "गो, गारी काय चालते!" हिरामण ओरडला.

"खिंड येऊं द्या," पुतळी म्हणाली.

खिंड आली. चढ अर्धा झाला आणि इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप झालं. जागा तीच. वळणावरचा आंबा तेवढा मोठा झाला होता.

हिरामणनं ब्रेक ओढला. चाकाखाली दगड लावला. पुतळीचा हात दरवाज्याकडे गेलेला दिसताच तो ओरडला, "उतरू नको! पाय खाली टाकू नको!"

"मग काय हितंच म्हातारी होऊं? तशी झालेच हाय."

त्यानं इंजिनाला पुढून हँडल लावलं आणि फिरवलं. साठीचा माणूस, घामानं भिजला. इंजिन धरायचं, दोन उचक्या द्यायचं, सोडायचं. टाकीतला मिठाचा एखादा कण पेट्रोलच्या वाटेत अडकला असणार. चोक ओढला की धरत होतं, पण चोकचा खटका ओढलेला राहत नव्हता. हात काढला की खटका आपोआप आत. हिरामण हँडलशी, खटका केबिनमध्ये. तो धावत आत जायचा, बाहेर यायचा.

"तुमी निसतं धावतंव कनाला?" पुतळी म्हणाली. "मला दावा, काय वढायचा त्यो."

"ह्यो. अर्धा वढून धर. सोरू नको."

पुतळीनं खटका धरला. रोजचं भरलं घमेलं उचलणारा हात. हिरामणनं हँडलला झटका दिला आणि इंजिन असं गरजलं की आंब्यावरचे पोपट उडाले.

"सोरू नको!"

"गप बसा! तवा ढकलली, आता धरून आनते. चला!"

माथा आला, उतार आला. उतारावर ती गाऊ लागली, तिच्याच लग्नातलं हळदीचं गाणं, इंजिनाच्या वरच्या पट्टीत. हिरामणला शब्द ऐकू येत नव्हते, तो ताल धरून हॉर्न वाजवत होता.

रोह्याच्या पटांगणात बँड वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतळीला नमस्कार करता येईना. एक हात खटक्यावर. बक्षीस पनवेलच्या एका चकचकीत मोटारीला गेलं. पण गर्दी ट्रकाभोवती, आणि ट्रकाखाली रोह्यातली झाडून सगळी मांजरं. इंजिन तापलं तसं मुशीचं मुरलेलं तेल दरवळू लागलं होतं. परीक्षकानं रुमाल नाकाला लावून विचारलं, "यात काय भरलं होतं?"

"वरात," हिरामण म्हणाला.

गुणाजी गर्दीतून पुढे आला. "उतर गो पुतळे."

"हितं नाय. दादा, तुज्या दारात."

मग गुणाजीच पाठीमागच्या फळ्यांवर चढला. दारात ट्रक थांबला तेव्हा पायरी आणि ट्रक यांत हातभर अंतर राहिलं. गुणाजी धावत घरात गेला, पाट घेऊन आला, स्वतःच्या हातानं खाली मांडला. भाकरतुकडा ओवाळला. पुतळीनं पाय पाटावर टाकला, पाटावरून उंबऱ्यात.

जेवताना शेजारी आलेले. गुणाजीनं सवयीनं तोंड उघडलं, "आमचं पावनं लय मोठं ड्रायवर..." आणि थांबला. सगळे वाट बघत होते. "वाढ गो आनखी," तो बायकोला म्हणाला. "त्यांच्या ताटात म्हावऱ्याची तुकरी नाय."

दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर पुतळीची बोटं सुजून आखडली होती. मूठ उघडेना. हिरामणनं मुशीच्या तेलाची बाटली आणून बोटांना चोळलं. मग परड्यात राख घेऊन निवट्या साफ करायला बसला. चिखलातला तो बुळबुळीत मासा राखेशिवाय हाती राहत नाही. त्याच्या हातात राखेसकट राहत नव्हता.

"घट धरा!" ओट्यावरून पुतळी. "सोरू नका!"

चिंचेखाली, सोनेरी काठाच्या डोळ्यांमागे, तांबडी कोंबडी पुन्हा आपल्या जागेवर बसली होती. पहिलं मांजर आलं. हिरामणनं राखेचा हात हलवून त्याला हाकललं आणि निसटलेली निवटी शोधायला वाकला.