मागच्या खोलीतला लॅपटॉप

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करणं हे माझं काम. माल जिथं वापरला जाणार तिथल्या उन्हापाण्यात तो टिकेल की नाही, हे बघितल्याशिवाय मी सही करत नाही. घरी मात्र मी तसं वागलो नाही.

माझी बायको दहावीच्या मुलांना लॅपटॉपवरून गणित शिकवते. गेल्या मे महिन्यात शिकवणी चालू असताना लॅपटॉप रोज मध्येच बंद पडू लागला. उदाहरण अर्धवट राहायचं, मुलं कंटाळायची. दोघांनी दुसरी शिकवणी लावली. असंच चाललं तर शिकवणीच बंद करावी लागेल, असं ती म्हणाली.

"बॅटरी चांगली आहे वं," मी म्हणालो. "तुलेच वापरता येत नाही."

हे सिद्ध करायला मी एका रविवारी चार्जर काढून ठेवला आणि लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये कूलरसमोर बसलो. पडद्याचा उजेड डोळ्यांना बरा वाटेल इतपत ठेवला, गणिताचे व्हिडिओ लावून दिले आणि स्वतः टीव्हीवर मॅच बघत राहिलो. जेवण झालं, एक डुलकी झाली, तरी लॅपटॉप चालूच. तिचा धाकटा भाऊ वाडीहून आला होता, त्याला मी ऐटीत पडदा दाखवला.

"ताई, भाऊजीनं तर तुले नापास केलं वं!" तो ओरडला. मीही मोठ्यानं हसलो.

ती हात पुसत बाहेर आली. "काहून हसून राहिले? मी कुठं बसते, माहीत आहे ना तुम्हाले? उद्या तिथं बसून पाहा. शिकवणीले सुट्टी देते, पोरांच्या जागी मी फोनवर राहीन."

"बसतो की. त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकी पश्चिमेची. उन्हामुळं पडद्यावर काही दिसेना, म्हणून उजेड पूर्ण वाढवला. भिंतीवरचा प्लग जळलेला. तो दुरुस्त करायचं मीच कितीतरी दिवस ढकलत आलो होतो. हॉलमधून वायर ओढली की दार लागत नाही, आणि दार उघडं राहिलं की टीव्हीचा आवाज आत येतो. तो टीव्ही रोज मीच बघत असतो. कॅमेरा चालू, वायफाय तुटक. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, मांडीला चटके बसत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. फोनवरून तिनं सांगितलेलं दुसरं उदाहरण सोडवत होतो, तेवढ्यात पडदा काळा झाला.

बाहेर आलो तर ती कूलरसमोर बसली होती. त्या जागी तिला असं निवांत बसलेलं आधी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

"नवी बॅटरी आणतो," मी म्हणालो. "प्लगही करून घेतो."

"आणा. पण संध्याकाळी शिकवणीपुरता मले हॉल द्या."

बॅटरीला मी एका दमात तयार झालो होतो. हॉलचं नाव निघालं तशी माझी नजर टीव्हीकडं गेली. मनात पहिलं आलं ते हेच, की मग मी दमून आल्यावर टीव्ही कुठं बघायचा? ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं.

"राहू द्या," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो, हॉल घे म्हणालो, दोनदा म्हणालो. ती "बरं" म्हणाली. आता ती हॉलमध्ये शिकवते. गेलेल्यांपैकी एक मुलगी परत आली आहे. आमचं बोलणंचालणंही पूर्वीसारखंच आहे.

परवा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. तिनं भावाला फोन केला आणि येताना वायसर घेऊन ये म्हणून सांगितलं. मी तिच्या बाजूलाच बसलो होतो.