बारा उंदीर आणि दादा

त्या काळी मी उंदरांना दारू पाजायचे. रीतसर, संशोधनासाठी. बारा पांढरे उंदीर, बारा पिंजरे, प्रत्येकाला दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाणी घातलेलं अल्कोहोल. कोण कुठलं किती प्यायलं ते रोज सकाळी मोजायचं, आणि सवयीनं एकाच बाजूला तोंड घालू नये म्हणून बाटल्यांच्या जागा बदलायच्या. मार्गदर्शकांना मी सांगितलं होतं, मला मेंदूच्या अभ्यासात रस आहे. साफ खोटं. शिवाजी पेठेत आमच्या घरी थोरला भाऊ पिऊन पिऊन मरणाला टेकला होता. तो थांबत का नाही, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. उंदीर तर उंदीर.

मावसबहिणीच्या लग्नाला मी चार दिवस गेले. परत येऊन बघते तर पिंजरे धुऊन उन्हात उपडे, आणि बाराही जण एका मोठ्या टपात कडब्यावर लोळतायत. प्रयोगशाळेचे शिपाईकाका कोडोली गावचे, घरी दारात चार म्हशी. पिंजऱ्यांना वास मारायला लागला म्हणून त्यांनी सरळ गोठा करून टाकला होता. वर उसाची कांडी सोलून घातलेली.

मी नको नको ते बोलले. "काका, वर्षाचं काम मातीत घातलंत!"

"वरडतीस कशाला? बाटल्या लावल्यात की सगळ्या," काका म्हणाले. "जनावर एकटं कोंडल्यावर पिणारच की, ताई. करंल काय दुसरं?"

पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत्या. दारूच्या जवळजवळ भरलेल्या. मार्गदर्शक म्हणाले, ऊस घातला, पिंजरे मोडले, हे आकडे टाकून द्या. त्यांचं बरोबरच होतं. मी टाकून दिले.

रविवारी दुपारी घरी मटण होतं. दादाचं ताट बाहेर सोप्यात, ओसरीवर, एकट्याचं. आठ महिने तसंच चाललं होतं. त्याला लाज वाटावी म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, मीसुद्धा. मी माझं ताट उचललं आणि बाहेर जाऊन त्याच्यासमोर बसले.

"तिकडं कुठं मरायला चाललीस?" आई आतून ओरडली.

दादानं आपल्या ताटातली नळी उचलून माझ्या ताटात घातली. हात इतका थरथरत होता की निम्मा रस्सा माझ्या साडीवर सांडला. त्याचा हात एवढा थरथरतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.