असंच-ना सर

आम्हाला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘असंच-ना सर’ म्हणायची. त्यांच्या वर्गात कुणाचंही म्हणणं खोडायचं, तर आधी ते आपल्या शब्दांत मांडून ‘असंच ना?’ विचारावं लागे. समोरच्याने मान हलवली तरच हरकत घ्यायची. कल्याणच्या भाजीबाजारातही ते हा नियम पाळत, त्यामुळे त्यांच्या घरी भाजी उशिरा पोचते, असं आम्ही म्हणत असू.

दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघंच होतो: विठ्ठलवाडीची मी, कोलशेतचा जनार्दन आणि नोकरी सांभाळून शिकणारे, तासाला हमखास डुलक्या घेणारे एक काका. तिघांपेक्षा कमी झाले तर विषय बंद, असा कॉलेजचा दंडक होता.

नीतिशास्त्राच्या तासाला जनार्दन म्हणाला, आमचं मिठागर विकलेलं असताना मरणाऱ्या बापाला ‘विकलं नाही’ असं सांगितलं, त्यात माझं काही चुकलं नाही. मी खोडायला सरसावले. वडिलांना त्रास होऊ नये म्हणून सांगितलंस, असंच ना?

‘नाय गो, तसा नाय.’

दोन दिवस तो मान हलवेना. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, वडिलांना खरं ठाऊक होतं, तरी त्यांना तुझ्या तोंडून तेच ऐकायचं होतं. त्याने मान हलवली. माझ्याकडे मग एकही हरकत उरली नव्हती. सर म्हणाले, ‘दुसऱ्याचं मन कळत नाही, असं पुस्तकं म्हणतात. तीन दिवस विचारून कुणी बघत नाही.’

जूनमध्ये मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. वडिलांची गिरणी बंद होती. मी गेले तर सरांचा विषय जाणार, हे मला आणि सरांना, दोघांनाही माहीत होतं. मी सांगितलं ते सरांनी ऐकून घेतलं आणि नियमाप्रमाणे माझं म्हणणं मांडलं.

‘घरी पगाराची गरज आहे, हे खरंच. पण इथून सुटका होतेय म्हणून तुला थोडं बरंही वाटतंय. असंच ना?’

हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. आता हरकत घ्यायची पाळी त्यांची होती. एकदा ‘थांब’ म्हणाले असते तर मी थांबले असते. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या कॉलेज सोडण्याच्या अर्जावर सही केली.

विषय बंद झाला. सरांना वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. मी एकदाही भेटायला गेले नाही.

काही वर्षांनी कल्याणच्या एसटी स्टँडवर जनार्दन भेटला. सर गेले, म्हणाला. तो शेवटपर्यंत त्यांच्याकडे जात असे.

‘तुझी गोष्ट निघाली व्हती. सर बोलले, थांब म्हनलं असतं त ती थांबली असती. म्हनून म्हनलं नाय.’

मी ‘हो का’ म्हटलं. माझी बस लागली होती. त्याने पिशवी वर दिली. सगळा रस्ता मला काहीच वाटलं नाही. आजही वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.