खाडीतला ब्रेंट

जहाजाची नोकरी सुटल्यापासून फेलिक्सच्या पायाला भिंगरी लागली होती. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला. माहीमच्या घरात त्याचा जीव रमेना. "एका जागी बस ना, मॅन! तुला बघून मलाच धाप लागते," त्याची बायको बीट्रिस म्हणायची.

अशाच एका सकाळी खाडीकाठी येरझारा घालताना त्याला चिखलात पक्षी दिसला. बदकाएवढा, काळ्या मानेवर पांढरी रेघ. फेलिक्स थबकलाच. हा तर ब्रेंट! हॉलंडच्या बंदराबाहेर, कडाक्याच्या थंडीत, या रानहंसांचे थवे गवत खुडताना त्याने पाहिले होते. उत्तर ध्रुवाकडून येतात, असं तिथले खलाशी सांगायचे. मग हा एकटा इथे कसा भरकटला?

पक्ष्याने उडी घेतली आणि धपकन आदळला. पायात गळाची नायलॉनची दोरी, तंगूस, गुंतून ती एका खुंटाला अडकली होती. वर भरती चढत होती.

फेलिक्सने पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. "निघालोय, पण ट्रॅफिक आहे," उत्तर आलं. तो दोन-तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. शेवटी चपला काढल्या.

जाळं विणत बसलेली कालिंदी कोळीण ओरडली, "अंकल, उतरू नका! तो गाळ माणूस गिळतो!"

तोवर तो मांड्यांपर्यंत रुतला होता. कसाबसा खुंटापाशी पोचला. खिशातल्या चाकूने तंगूस कापली, तेव्हा पक्ष्याने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि पंख झाडत निसटला. फेलिक्सला मात्र पाय उचलता येईना. पाणी छातीशी आलं.

कालिंदीच्या हाकेसरशी तिचा नवरा शिवा होडी घेऊन धावला. काखेत दोर अडकवून त्याने फेलिक्सला ओढून काढलं.

बातमी ऐकून बीट्रिस गाऊनवरच धावत आली. आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग रडायला लागली. "मेला असतास म्हणजे?"

"पाणी चढत होतं, बी. नुसतं बघत कसा बसू?"

पलीकडच्या खडकावर ब्रेंट हिरवं शेवाळ खुडत होता, एक पाय आखडून. थोड्या वेळाने तो उडाला आणि समुद्राकडे दिसेनासा झाला.

आता ओहोटीला फेलिक्स शिवाच्या होडीतून तुटक्या तंगुशी गोळा करतो. हात कामात असतात, नजर आभाळात. "पोचला असेल का रे?" तो विचारतो.

"काय माहीत, अंकल," शिवा म्हणतो आणि वल्हं मारतो.