बास्तियाँने पुसलेली खूण

बातमी आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पातून वेगवेगळ्या वर्षी परतलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी त्यात फुलं आणि सुविचार येतात, आणि मी ते न बघता पुसून टाकतो. त्या दिवशी सामंतसाहेबांचा मेसेज होता. आमचे एकेकाळचे टेनिस कोच बास्तियाँ गेले, फ्रान्समध्ये त्यांच्या गावच्या क्लबात शिकवताना कोर्टवरच हृदय बंद पडलं, वगैरे. खाली एक फोटो. मधोमध आमचे जनरल मॅनेजर कप उंचावून हसताहेत, एका बाजूला सामंतसाहेब टाळ्या वाजवताहेत आणि दुसऱ्या बाजूला बास्तियाँ, हात मागे घेऊन. फोटोखाली सामंतांनी लिहिलं होतं, 'खिलाडूवृत्तीचा खरा माणूस, आपल्या साहेबांशी झालेली ती झुंज कोण विसरेल!' त्याखाली हात जोडलेली चित्रं, रडणारे चेहरे, लाल बदाम. मी नाश्त्याला बसलो होतो, समोर घावणे होते. ताट बाजूला सारलं. मरणाची बातमी ऐकून घास अडकतो ते मला माहीत आहे, आईच्या वेळी अडकला होता. हे तसं नव्हतं. ही शिसारी होती, आणि तिच्यातला बराचसा वाटा माझ्या स्वतःबद्दलचा होता.

आज सहा आठवडे झाले. ग्रुपमध्ये कुणाला आता बास्तियाँचं नाव आठवत नाही, फुलं परत सुरू झाली आहेत. म्हणून म्हटलं, लिहावं.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. जुबैलला कंपनीच्या कॅम्पात रिक्रिएशनच्या खात्यात अठरा वर्षं होतो. पोहण्याच्या तलावात औषध टाकायचं, नेट बांधायची, कोर्टवरची रेती पहाटे झाडायची आणि रॅकेटींचं गटिंग करायचं. गटिंग म्हणजे रॅकेटीत तारा विणणं. ते काम मला एका फिलिपिनो माणसाने शिकवलं आणि माझा हात बरा बसला. बास्तियाँ आला तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन मशीन बघितलं, स्वतःची रॅकेट विणून घेतली, तळहातावर दोनदा आपटून कान लावला आणि म्हणाला, "आमीद, हे काम तुला येतं." माझं नाव हमीद, पण फ्रेंच लोकांना ह उच्चारता येत नाही म्हणे. त्या दिवसापासून मी आमीद झालो, आणि तो शिकवून दमला की माझ्या खोलीत चहाला येऊन बसायला लागला. आमचं बोलणं त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत चालायचं, पण अडलं कधी नाही.

कॅम्पातल्या इंजिनियर मंडळींनी त्याला आल्या आल्या इंटरनेटवर शोधलं आणि त्यांची निराशा झाली. जगात तीनशेच्याही पलीकडचा नंबर, तोही त्याच्या उमेदीच्या वर्षातला. "म्हणजे टीव्हीवर कधीच नाही?" एकाने त्याला तोंडावर विचारलं होतं. "नाही," बास्तियाँ म्हणाला, "एकदा माझ्या आईने रेडिओवर नाव ऐकलं, पण ते चुकीचं उच्चारलं होतं." लोक हसले. त्या नंबरामागे काय असतं ते मला त्या खोलीत चहा पिता पिता कळत गेलं. पंधरा वर्षं तो जिथे प्रेक्षकांपेक्षा खेळाडू जास्त असतात असल्या छोट्या छोट्या गावांतल्या स्पर्धा खेळत फिरला. गाडीत झोपायचा, गटिंग स्वतः करायचा, चड्ड्या-मोजे हॉटेलच्या बेसिनात धुवायचा. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत एकदाच पोचला, एक सामना जिंकला असता तर आत गेला असता. तो हरला. सांगताना त्याला लाज नव्हती आणि रडगाणंही नव्हतं. आमच्याकडे एखादा खलाशी वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट सांगतो तसं सांगायचा, वारा कुठून होता, पाणी कसं होतं.

त्यातली एक गोष्ट तो हसत सांगायचा. कुठल्याशा गावात सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात एक माणूस भेटला. उद्या हर, म्हणाला, आणि हातात पाकीट द्यायला लागला. बास्तियाँने पाकीट न घेता त्याला जिन्यावरून खाली जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी तो सामना तो तसाही हरला, सरळ दोन सेटमध्ये. "म्हणजे पाकीट फुकटच गेलं की रे," मी म्हणालो. "हो," तो म्हणाला, "पण ती हार माझी होती." तेव्हा मला ते नुसतंच छान वाक्य वाटलं होतं...

त्याची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तो लाल मातीच्या कोर्टवर वाढलेला. तिथे बॉल पडला की मातीत खूण उठते. बॉल आत की बाहेर असा वाद झाला तर खेळाडू खुणेपाशी जातो, रॅकेटच्या टोकाने तिच्याभोवती गोल काढतो, आणि वाद मिटतो. आमची जुबैलची कोर्टं सिमेंटची, रंग दिलेली, त्यावर खूण कसली? पण वारा सुटला की तासाभरात कोर्टवर पिठासारखी धूळ बसायची आणि मग खुणा उठायच्या. इतरांना धूळ आली की वैताग यायचा, बास्तियाँ खूश व्हायचा. मला म्हणायचा, आज झाडू नकोस, मुलांना खुणा बघू देत. पंच नसताना आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे आपणच सांगायचं असतं, हा टेनिसचा कायदा. तो मुलांना फटका शिकवायच्या आधी हे शिकवायचा. कितीदा बघितलं मी, बॉल बाहेर म्हणून ओरडायचा, मग स्वतःच खुणेपाशी जायचा, गोल काढायचा, आणि "नाही, आत आहे, पॉइंट तुझा" म्हणून परत यायचा.

मग ती सौदीकरणाची वर्षं आली. कंपन्यांना हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे लागले. स्थानिक माणसं कमी असतील तर लाल पट्टा, आणि लाल पट्टा लागला की बाहेरच्यांचे इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, अडकणार. एका देशाने आपल्या पोरांना काम द्यायचं ठरवलं यात मला काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला किळस आली ती आपल्या माणसांची. कुणाला काढायचं याच्या याद्या ॲडमिनमध्ये बनत होत्या, ॲडमिनचे मुख्य होते सामंतसाहेब, आणि सामंतांच्या घरी आमच्या लोकांची रीघ लागली होती. कुणी गावाहून आंबापोळी आणली, कुणी त्यांच्या गाडीला आपणहून पॉलिश करून दिलं. जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या चुगल्या सुरू झाल्या. वीस वर्षं एका खोलीत राहिलेली माणसं एकमेकांच्या खाटेकडे बघायला लागली होती.

कॅम्पात दरवर्षी स्पर्धा व्हायची. जो जिंकेल त्याने शेवटच्या दिवशी कोचबरोबर एक सेट खेळायचा, अशी आमची रीत होती. तो सेट विजेता नेहमी हरायचा, एखादा गेम मिळाला तरी वर्षभर सांगत फिरायचा. त्या वर्षी स्पर्धा जिंकले खुद्द जनरल मॅनेजर. कसे जिंकले ते विचारू नका, समोरच्या प्रत्येकाचा इकामा त्यांच्या हातात होता. शेवटच्या सेटला हेडऑफिसचे पाहुणे येणार होते. आदल्या आठवड्यात सामंतसाहेब माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि मराठीत सुरू झाले. "हमीदभाई, तुम्ही आपले माणूस. तुमच्या त्या फ्रेंचाला सांगा, साहेबांना जिंकू दे. यादी साहेबांच्या सहीने जाणार आहे. तुमच्या खात्यातून दोन नावं आहेत, तुमचं आणि त्याचं. दोन्ही यादीतून काढतो मी."

मी बास्तियाँला आधी फक्त त्याच्याबद्दल सांगितलं. तो हसला, म्हणाला, मला पाठवायचं तर पाठवू देत, मला हे जमणार नाही. गोष्ट तिथे संपायला हवी होती. मी संपवली नाही. मी म्हणालो, "यादीत माझंही नाव आहे. सनाची फार्मसीची दोन वर्षं राहिलीत." सना माझी मुलगी, तिचा फोटो मशीनच्या वर चिकटवलेला होता. तो त्या फोटोकडे बघत बसला. चहा निवून गेला. मग एवढंच विचारलं, "दोन वर्षं?" मी म्हणालो, दोन. तो उठला आणि कप धुऊन ठेवला.

त्या दिवशी सेट दुपारी सुरू झाला. पाहुणे सावलीत, त्यांच्यापुढे खजूर आणि ज्यूस. बास्तियाँ हळू मारत होता, तरी गेम त्याच्याकडेच जात होते, पंधरा वर्षांचा हात होता तो, वाईट मारायला तयार नव्हता. चार-तीन असताना असरची अजान झाली आणि खेळ थांबला. मी नमाजला गेलो. तेवढ्यात वारा फिरला. परत आलो तर कोर्टवर धुळीचा थर, आणि मंडळी उभी राहिलेली. मी ब्रश घेऊन धावायला हवं होतं, माझं कामच ते. पण सामंतांनी लांबून हात हलवला, "यल्ला, यल्ला, वेळ नाही," आणि मी ब्रश भिंतीला टेकवून ठेवला.

सेट टायब्रेकपर्यंत गेला. शेवटचा पॉइंट... साहेबांनी मारलेला बॉल बास्तियाँच्या बाजूला रेषेच्या पलीकडे पडला. जवळपास नव्हे, चांगला वीतभर बाहेर. सगळ्यांनी पाहिला. कुणी बोललं नाही. बास्तियाँ खुणेपाशी गेला, आणि सवयीने, मला खात्री आहे निव्वळ सवयीने, त्याने रॅकेटच्या टोकाने तिच्याभोवती गोल काढला. मग तो त्या गोलाकडे बघत उभा राहिला. मग डाव्या बुटाने त्याने तो गोल पुसला, खूण पुसली, आणि मान वर करून म्हणाला, "गुड." टाळ्या झाल्या. मी झाडलं असतं तर खूण उठली नसती. खोटं बोलावं लागलंच असतं, पण निदान हातापायांनी पुसावं लागलं नसतं.

पुढच्याच महिन्यात यादी लागली. पहिलं नाव बास्तियाँचं. सामंत कँटीनमध्ये सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "साहेबांकडून हरतो तो प्रो कसला? असला कोच काय करायचाय आपल्याला?" जवळ बसलेली माणसंही हसली. मी त्यांच्यात बसलो होतो. हसलो नाही, पण उठलोही नाही. माझं नाव यादीत नव्हतं. बास्तियाँच्या जागी आलेला सौदी पोरगा फुटबॉलवाला होता, बिचारा लाजत लाजत पहिल्या दिवशी मला म्हणाला, मला टेनिस येत नाही, त्या माणसाचा नंबर असेल तर दे, मी त्याला विचारीन. अख्ख्या कॅम्पात बास्तियाँचा नंबर मागणारा तो एकटा.

जायच्या दिवशी बास्तियाँ माझ्या खोलीत आला. कात्री घेतली आणि त्या दिवशीच्या रॅकेटीचं गटिंग मधून बाहेर असं कापून काढलं, नीट, कसबी माणसाने कापावं तसं. रिकामी रॅकेट माझ्या हातात दिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, बोलावं असंही वाटत होतं. तो म्हणाला, "सना पास झाली की मला कळव." बस खाली हॉर्न वाजवत होती.

मी बरोबर दोन वर्षं राहिलो. त्या पगारावर सना शिकली, प्रथम वर्गात पास झाली, आता रत्नागिरीत औषधाच्या कंपनीत आहे. मी कळवलं नाही. किती वेळा मेसेज लिहिला, किती वेळा पुसला. काय म्हणून कळवायचं? तुझी पंधरा वर्षं त्या धुळीत पुसलीस त्याची पावती म्हणून?

बातमीच्या दिवशी मी ग्रुपवर फक्त एक ओळ लिहिली, 'तो बॉल बाहेर होता.' पाच मिनिटांत ती नाहीशी झाली, ग्रुपचे ॲडमिनही सामंतच आहेत. मग त्यांचा फोन आला. "हमीदभाई, गेलेल्या माणसाबद्दल असं कशाला? त्याचीच बदनामी होते ना." त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती, आणि त्याचीच मला जास्त ओकारी आली. फोटो मी अजून बघतो. सगळ्यांना कप दिसतो. मला बास्तियाँच्या डाव्या बुटाचं टोक दिसतं, ते मळलेलं आहे.

हे लिहून झाल्यावर काल सनाला वाचून दाखवलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पडवीत, खुंटीवर ती रिकामी रॅकेट असते, तिच्याखाली बसून तिने सगळं ऐकलं.

मग म्हणाली, "अब्बा, मी पास झाले ते त्यांना कळवलंत?"

"नाही."

ती उठून आत गेली. रॅकेट खुंटीवर आहे. मला अजून गटिंग येतं, हात विसरलेला नाही. पण ती मी विणणार नाही.