मोंढ्याच्या आवाजातला खून

श्री. संगप्पा बिराजदार. वय : ज्येष्ठ. शिक्षण : सातवी. पूर्वव्यवसाय : उदगीरच्या मोंढ्यात सौद्याचा पुकारा. वर्गवारी : प्रौढ, वाचनाकडे वळविण्यास पात्र. वर्तन : सशब्द. शेरा : सदर सभासद पुस्तक वाचतात, सबब वाचनालयाच्या शांततेस बाधा येते.

चाकूरच्या प्रबोधन-प्रभा सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल सुदर्शन यांनी हे टिपण स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. तिथं तुरीच्या ढिगावर उभं राहून संगप्पा भाव पुकारायचे, तेव्हा दुसऱ्या टोकाला पोत्यावर निजलेला हमाल दचकून उठायचा. पुढं सौदे मोबाइलवर व्हायला लागले. गळा शाबूत राहिला, काम गेलं. मग ते चाकूरला मुलाकडं राहायला आले. तिथं नातू डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होता. लातूर जिल्ह्यात अशा घराचं काय होतं ते सांगायला नको. सून मंजुश्री कुकरची शिट्टीसुद्धा फडक्यानं दाबून धरायची. शिंक आली तर माणसानं गल्लीत जाऊन शिंकावं, अशी रीत पडली होती.

म्हणून संगप्पा दिवसभर बाहेर असायचे, आणि एका दुपारी थंड पाणी प्यायला वाचनालयात शिरले.

वाचनालय 'ब' वर्गाचं होतं आणि त्याला 'अ' वर्गात जायचं होतं. इमारत होती, कपाटं होती, कपाटांना कुलपं होती, कुलपांच्या आत पुस्तकं होती. फक्त प्रौढ वाचक नव्हते. तरुण पुष्कळ होते, पण ते स्पर्धा परीक्षावाले. स्वतःचं गाईड, स्वतःचा डबा आणि खुर्चीवर टाकायला स्वतःची उशी घेऊन यायचे. वाचनालयाच्या ग्रंथाचा त्यांनी एकदाच उपयोग केला होता. टेबल डुगडुगत होतं, तेव्हा त्याच्या पायाखाली शब्दकोश सारला. नेमका बसला.

तर प्रौढ हवे होते. त्यासाठी 'प्रौढांनो, पुस्तकांच्या सावलीत या' हे अभियान निघालं. फलकावर सचिवांचा फोटो मोठा होता, पुस्तकाचं चित्र बेताचं होतं. भाषणं झाली, पोहे झाले, आणि पुरावा म्हणून फोटो काढायचे राहिले. सुदर्शन बसस्टँडच्या रस्त्यावरून चार माणसं धरून आणत होते, एवढ्यात पाण्याच्या जारपाशी त्यांना आयतेच संगप्पा सापडले.

"अप्पा, इथं बसा. हे पुस्तक धरा. खाली बघा. वाचल्यासारखं करा."

पुस्तक कुठलं हे सुदर्शनना ठाऊक नव्हतं. बांधणीवाल्यानं हिरवा पुठ्ठा लावताना नावच झाकून टाकलं होतं. फोटो निघाला. बाकीचे प्रौढ उठले आणि पोहे कुठं आहेत ते विचारत निघून गेले. संगप्पा उठले नाहीत.

"अप्पा, झाला फोटो."

"थांबा हो सर. इथं शेठ मरून पडलाय."

ज्याला वाचल्यासारखं करायला सांगितलं, तो माणूस वाचायलाच लागला. अभियानाच्या आखणीत ही शक्यता कुणी धरली नव्हती.

पुस्तकात एका बंगल्यात एका शेठला दुधातून विष घातलं होतं. संशय तिघांवर : दुसरी बायको, घरचा डॉक्टर आणि पेढीचा मुनीम. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच संगप्पा दारात हजर होते. रीतसर सभासद झाले, खुर्ची धरली आणि कालच्या पानापासून सुरुवात केली. मोठ्यानं. त्यांच्या लेखी वाचणं म्हणजे हेच. श्रावणात मठात पोथी लागायची, तेव्हा एकजण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे. ज्याचा आवाज निघाला नाही ते वाचलं, हे कुणी मानलंच नसतं.

"शेठजींचे डोळे! पांढरे! झाले होते!" हे वाक्य वाचनकक्षात मोंढ्याच्या आवाजात घुमलं आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसलेल्या आरतीच्या हातातला पेन उडाला. आठवडाभर असंच चाललं. शेवटी आरतीनं सराव परीक्षेत राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याच्या पद्धतीत 'दुधातून' असं लिहिलं, तेव्हा मुलांनी लेखी तक्रार केली.

सुदर्शन आले. "अप्पा, मनात वाचा की."

"मनात?"

"हाव. मनातल्या मनात."

"तुम्ही मनातल्या मनात जेवता का सर?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. ओठ मिटले, मान ताठ केली, पानावर नजर लावली. ओळी सरकत होत्या, पण शेठ नुसता कागदावर पडून होता, मेल्यासारखा वाटतच नव्हता. पान उलटता उलटता डॉक्टरच्या बॅगेत रिकामी बाटली निघाली आणि संगप्पांच्या तोंडून "अग्गागागा!" असं काही निघालं की बाहेर रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला.

त्यांची रवानगी पायरीवर झाली. घरात अभ्यास, वाचनालयात अभ्यास. साऱ्या गावात पुस्तक वाचायला उरलेली जागा म्हणजे वाचनालयाच्या बाहेरची पायरी.

पायरीवर केवळाबाई पेरूची टोपली घेऊन बसायची. तिनं पहिल्या दिवशी आवाजाबद्दल कटकट केली, दुसऱ्या दिवशी "त्या बायकूचं पुढं काय झालं?" असं विचारलं आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला सांगितलं, "जरा दम धरा, चौकशी चालू हाय." मग ईश्वरप्पा आले. हे आडतीवर जन्मभर मुनीम होते, आणि चाकूरच्या मठात पोथीचा अर्थ तेच सांगायचे. त्यांनी सवयीनं इथंही सांगायला सुरुवात केली.

संगप्पा वाचायचे, "डॉक्टर खिन्न हसला."

"म्हणजे," ईश्वरप्पा सांगायचे, "हसला, पण मनापासून न्हाई."

"ते आम्हाला बी कळतंय मुनीमजी," केवळाबाई म्हणायची. "तुम्ही खिन्न बसा जरा."

रिक्षावाले थांबू लागले. बसची वाट बघणारे दोन बस सोडू लागले. गर्दीत बैलबाजारातला एक दलाल होता. त्याच्यामुळं खुनी ओळखायची रीत ठरली. बैलाचा भाव जसा रुमालाखाली बोटं दाबून करतात, चारचौघांत बोलत नाहीत, तसंच इथं. अंगठा दाबला तर बायको, मधलं बोट डॉक्टर, करंगळी मुनीम. ज्याचा अंदाज त्याच्यापाशी.

"मुनीम करंगळी?" ईश्वरप्पा भडकले. "आणि मुनिमावर संशयच कसा घेता? मुनीम असलं करणारच न्हाई. ज्या पेढीचं मीठ खाल्लं..."

"मोंढ्यात मी बी होतो," संगप्पा म्हणाले. "ढिगावरून समदं दिसायचं मला. पण मुनीम न्हाई, हे मान्य. ही बायकू हाय. लई रडून राहिली ती."

केवळाबाईनं रुमालाला नकार दिला. "माझं बोट कुणी दाबायचं न्हाई. मी तोंडानं सांगते, मुनीम."

एका संध्याकाळी कुलूप लावून निघालेले सुदर्शन पायरीवर घुटमळले. कुणी बघत नाही अशी खात्री करून त्यांनी रुमालाखाली हात घातला. बघत सगळेच होते. त्यांनी कुठलं बोट दाबलं ते दलालानं धंद्याच्या इमानानं कुणाला सांगितलं नाही.

मग दर्जावाढीसाठी तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. सचिवांनी सुदर्शनना बोलावून घेतलं. तक्रार प्रलंबित नको, पायरीवर गर्दी नको, प्रत्येक पुस्तक कपाटात हवं. सुदर्शननी वर दिलेलं टिपण लिहिलं आणि समितीच्या दिवशी सकाळी जड पायांनी बाहेर आले. सभासदत्व रद्द. पुस्तक परत.

"एकच अध्याय राहिलाय सर," संगप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पोथी अर्ध्यात ठिवत न्हाईत. समितीला म्हणावं दुपारून या."

"मला नोकरी करायची आहे, अप्पा."

संगप्पांनी पुस्तक दिलं. धोतराच्या सोग्यानं पायरी उगाच पुसली. वय झालं होतं, मरायचीही त्यांची फार हरकत नव्हती. पण कुणी मारलं ते कळल्याशिवाय मरायचं, ही गोष्ट त्यांना पटेना. ते तिथंच बसून राहिले, आणि ते बसले म्हणून बाकीचेही बसले.

समितीची गाडी आली. अध्यक्षांना पायरीवर पाय ठेवायला जागा मिळेना.

"मोर्चा कशाचा आहे?"

"खुनाचा, साहेब," केवळाबाई म्हणाली.

अध्यक्ष घाईनं आत गेले. आत पाहण्यासारखं पुष्कळ होतं. कपाटं पुसलेली, कुलपं चकाकणारी, भिंतीवर अभियानाचे फोटो. पुस्तकाकडं बघणारे संगप्पा त्यांत सर्वांत मोठे टांगले होते. असे तल्लीन प्रौढ वाचक तयार केल्याबद्दल अध्यक्षांनी सचिवांचं कौतुक केलं आणि प्रत्यक्षात एखादा वाचक दाखवा म्हणाले. सचिवांनी सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शननी खिडकीतून पायरीकडं पाहिलं. मग प्रौढ वाचक सध्या शेतीच्या कामात असल्याचं सांगण्यात आलं. समितीनं बासुंदी घेतली, शांततेबद्दल समाधान व्यक्त केलं आणि पायरीवरच्या जमावाचा पोलिसांकडून बंदोबस्त करावा अशी सूचना देऊन निघून गेली.

गाडी वळणाआड जाताच सुदर्शन बाहेर आले. हातात हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं.

"अप्पा, तुमचं सभासदत्व रद्द आहे. तुम्हाला पुस्तक देता येत नाही."

"तेच सांगायला पुन्हा आलाव का?"

"माझ्या नावावर काढलंय." सुदर्शन पायरीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावावर पुस्तक काढल्याचं कुणाच्याही आठवणीत नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही. "मी धरतो. तुम्ही नुसतं बघा. बघताना आवाज झाला तर माझा इलाज नाही."

त्यांनी पान उघडलं. संगप्पांनी घसा खाकरला आणि तुरीच्या ढिगावर चढल्यासारखे उभे राहिले. मग त्या आवाजात शेवटचा अध्याय सुरू झाला. अभ्यासिकेच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. तक्रार करायला उठलेली आरती गजाला धरून उभी राहिली आणि बस आली तेव्हा "जरा थांबवा हो!" म्हणून कंडक्टरवर ओरडली. ईश्वरप्पा ओळीओळीला अर्थ सांगत होते. शेवटच्या पानावर आले आणि त्यांनी अर्थ सांगणं बंद केलं.

"छपाईत चूक हाय," ते उठून धोतर झटकत म्हणाले. "तिथं डॉक्टर पाहिजे होतं."

"बायकू पाहिजे होती," संगप्पा म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता. पण लगेच त्यांनी सुदर्शनना विचारलं, "असलं आणखी हाय का आत?"

केवळाबाईनं एक पेरू कापला, मीठ लावलं आणि फोड ईश्वरप्पांच्या हातावर ठेवली.

यथावकाश अभियानाचा अंतिम अहवाल वरिष्ठांना सादर झाला. त्यानुसार सदर अभियानामुळे परिसरातील वाचनसंस्कृतीस चालना मिळाली, प्रौढांमध्ये ग्रंथांविषयी गोडी निर्माण झाली, तसेच अभियानकाळात नव्याने वाचनाकडे वळलेल्या प्रौढ सभासदांची संख्या एक (ग्रंथपाल स्वतः) इतकी असून वाचनालयात कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.

खून मुनिमानं केला होता.